फळ्यावरची चूक

आमच्या विद्यापीठाच्या कुलपतींना मी सर म्हणते. बाकीचे सगळे 'माननीय कुलपती महोदय' म्हणतात, ते समोर नसताना आणि फोनवरसुद्धा. माझ्याच्यानं ते होत नाही. मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते नारायण पेठेत एका छापखान्याच्या वरच्या दोन खोल्यांत अकरावी-बारावीचं गणित शिकवायचे, आणि त्यांच्या शर्टाची उजवी बाही कोपरापर्यंत खडूनं पांढरी असायची. मी स्वारगेटहून चालत यायचे. वडील तिथल्याच डेपोत कारकून होते, त्यामुळे बस वेळेवर येईल यावर आमच्या घरात कुणाचाच विश्वास नव्हता.

त्या क्लासची एक रीत होती. प्रत्येक तासाला सर फळ्यावर एक चूक करायचे, मुद्दाम. ती आम्ही पकडायची. पकडणाऱ्याला शर्टाच्या खिशातून लिमलेटची गोळी मिळायची. कुणीच पकडली नाही, तर तास संपल्यावर सर खडू खाली ठेवायचे, हात झटकायचे आणि म्हणायचे, "घरी जाऊन शोधा. आणि तासभर माझ्यावर आंधळा विश्वास ठेवलात, याची जरा लाज बाळगा." मग फळा न पुसताच निघून जायचे. आम्ही खालच्या चहावाल्याकडे उभं राहून भांडायचो, की कुठली ओळ, कुठली ओळ.

ती चूक भिकार नसायची. बेरीज चुकली, चिन्ह विसरलं, असल्या चुका ते कधी करत नसत. "त्या तुम्ही करता," असं म्हणायचे. त्यांची चूक गणिताच्या पार पोटात असायची. कुठेतरी शून्यानं भागलेलं असायचं, आणि ते शून्य असं सभ्य कपडे घालून बसलेलं असायचं की कुणाला संशय येऊ नये. उत्तर निघायचं एक बरोबर दोन, आणि आम्ही वेड्यासारखे वर-खाली बघत बसायचो. मला पहिली गोळी मिळाली तेव्हा मी ती खाल्ली नाही. दप्तरात जपून ठेवली. तिला मुंग्या लागल्या आणि आईनं अख्खं दप्तर उन्हात टाकलं.

पुढे क्लासचं कॉलेज झालं. कॉलेजला शेजारी दुसरं कॉलेज फुटलं, मग तिसरं, आणि एक दिवस नगर रस्त्याच्या बाजूला, शहराच्या बाहेर, एका बोडक्या टेकडीखाली आमचं अभिमत विद्यापीठ उभं राहिलं. मी तोवर तिथेच गणित शिकवायला लागले होते. सरांनी विचारलं होतं, मी हो म्हटलं होतं, इतकी साधी मुलाखत. त्यांना काय हवं होतं ते मला माहीत होतं. स्वारगेटहून चालत येणाऱ्या मुलीला ओळखपाळख न शोधता दार उघडं मिळेल अशी जागा त्यांना हवी होती. ती त्यांनी काढलीही. नंतर त्या दाराला कमान आली, कमानीला काच आली, काचेआड सुरक्षारक्षक आला, आणि आता स्वारगेटच्या मुलीला आत यायचं तर तिच्या बापाला घर विकावं लागेल. हे मी सरांच्या तोंडावर बोललेली आहे. ते म्हणाले होते, "माहितीये मला." बास, तेवढंच.

सरांची बढती होत गेली तसा खडू सुटत गेला. प्राचार्य झाले तेव्हा आठवड्याला दोन तास घ्यायचे. मग एक. मग फक्त वर्षातला पहिला तास. मग त्या पहिल्या तासाचं रेकॉर्डिंग मुलांना दाखवायला लागले, आणि नंतर तेही बंद झालं, कारण त्यातले सर फार तरुण दिसायला लागले. कुलपती झाल्यावर त्यांच्या वाट्याला आले पाहुणे, पायाभरण्या, शाली आणि पदवीदान समारंभातली पुणेरी पगडी. त्या पगड्या आम्ही भाड्यानं आणतो. सरांच्या डोक्याला एकही नीट बसत नाही, म्हणून समारंभभर त्यांचा एक हात कपाळाशी असतो. लांबून बघणाऱ्याला वाटतं, विचार करताहेत.

सरांच्या वाढदिवसाला प्रत्येक विभागानं रांगेत उभं राहून पुष्पगुच्छ द्यायचा असतो. मी दरवर्षी रिकाम्या हातानं जायचे. "तुमचा विभाग काही आणत नाही का हो?" असं एकदा कुलगुरूंनी विचारलं. मी म्हटलं, "आमचा विभाग शिकवतो. वेळ मिळत नाही." कुलगुरू म्हणजे रोजचा कारभार बघणारे गृहस्थ. बाहेरून आणलेले, चांगल्या इस्त्रीचे. तेव्हापासून ते माझ्याशी फक्त ईमेलवर बोलतात.

गेल्या हिवाळ्यात सरांनी मला बोलावून घेतलं. त्यांची खोली सर्वांत वरच्या मजल्यावर आहे, टेकडीकडे तोंड करून. एवढ्या मोठ्या टेबलामागे ते मला फार लहान दिसले.

"बस. चहा घेणार?"

"तुमच्या ऑफिसातला? नको सर. त्यात चहा नसतो."

हसले. मग म्हणाले, "मी सोडतोय. वर्धापनदिनाला पोराच्या डोक्यावर पगडी."

"कळलंय. सगळ्यांना कळलंय. तुम्हालाच शेवटी सांगितलं असेल."

"तसंच काहीसं," ते म्हणाले. त्यांच्या मुलाला इथे सगळे 'छोटे सर' म्हणतात. माणूस वाईट नाही. विद्यापीठाला 'ब्रँड' म्हणतो, एवढंच. सर खिडकीकडे बघत म्हणाले, "पण त्याआधी मला एक तास घ्यायचाय. पहिल्या वर्षाचा. भाषण नाही हं, तास. फळा, खडू."

"घ्या की. विद्यापीठ तुमचंच आहे."

"म्हणूनच तर तुला बोलावलं. इथे मी काहीही म्हटलं की त्याचा सोहळा होतो." मग म्हणाले, "मला बघायचंय अगं, अजून येतंय का शिकवायला. येत असेल तर सुखानं घरी जाईन. आणि नसेल येत, तर इतकी वर्षं मी नेमका कोण म्हणून वावरत होतो, ते तरी कळेल."

  मी विचारलं, "गोळ्या आणून ठेवू?"

"माझ्या मी आणीन," सर म्हणाले, आणि अकरावीच्या वर्गातले दिसायला लागले.

सोहळा व्हायचा तो झालाच. दोन दिवसांत ही गोष्ट कुलगुरूंकडे पोचली आणि एक समिती नेमली गेली. वर्गाऐवजी सभागृह ठरलं. कॅमेरे ठरले. पहिल्या वर्षाची सरसकट मुलं नकोत, निवडक हवीत, कोट घातलेली, असं ठरलं. मग कुणाच्या तरी लक्षात आलं की विद्यापीठात फळाच नाही. सगळ्या वर्गांत स्मार्ट बोर्ड. समारंभ सजवणाऱ्या माणसानं सुचवलं, की काळं फ्लेक्स ताणून लावू, फोटोत कुणाला कळतंय. मी म्हटलं, "मग सरांचंही फ्लेक्सच उभं करा. तेही कुणाला कळणार नाही."  फळ्याची जबाबदारी माझ्यावर आली.

नारायण पेठेतल्या त्या दोन खोल्या विद्यापीठानं अजून ठेवल्या आहेत. तिथे आता प्रवेशाची चौकशी चालते. भिंतीवर दात दाखवणाऱ्या मुलामुलींचं मोठं फ्लेक्स आहे. त्याच्या मागे हात घालून बघितलं, तर आमचा फळा तसाच होता. उतरवताना माझ्या साडीवर जुन्या खडूची धूळ सांडली आणि मला एकदम भरून आलं. तिथल्या मुलींनी पाणी आणून दिलं. त्यांना वाटलं धुळीनं होतंय.

फळा टेंपोत घातला आणि मी ड्रायव्हरशेजारी बसले. येरवड्याला गर्दीत अडकलो तेव्हा त्यानं आरशातून मागे पाहिलं. विदर्भाकडचा होता. "म्याडम, शाळा बंद पडली काय जी?"

"नाही हो. तिचं विद्यापीठ झालं."

"मंग बरं हाये," तो म्हणाला.

मुद्दाम करायच्या चुकीबद्दल मी समितीला एक अक्षर सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर यांनी चूक पकडायलाही एखादा विद्यार्थी नेमला असता आणि त्याची तालीम घेतली असती. ते फक्त सरांना आणि मला ठाऊक होतं. मी आतून अगदी खूश होते, आणि खूश असले की मी जास्तच खवचट होते. त्या आठवड्यात माझ्या तोंडी कुणी लागलं नाही.

त्या दिवशी मुलांना सभागृहात आधीच आणून बसवलं होतं. कुलगुरूंच्या कार्यालयातला एक प्राध्यापक त्यांना सांगत होता, "कुलपती महोदयांना मध्ये थांबवायचं नाही. प्रश्न असतील तर शेवटी, आणि ते मी सांगेन त्यांनीच विचारायचे." मी मागे जाऊन शेवटच्या रांगेत बसले. माझी क्लासमधली जागाही शेवटच्याच बाकावर होती.

सर आले. कोट नाही, साधा पांढरा शर्ट, आणि शर्टाचा खिसा टम्म फुगलेला. फळ्यासमोर आले आणि क्षणभर त्यांनी त्याच्या चौकटीला हात लावला. सुरुवातीला आवाज भाषणातला लागला. "माझ्या विद्यार्थी मित्रांनो" वगैरे. मला धडकी भरली. मग त्यांनी खडू उचलला, पहिलं समीकरण लिहिलं, आणि तिथून हळूहळू ते आमचे सर व्हायला लागले. "का? असंच का? तुझ्या बापानं सांगितलं म्हणून?" पोरं हसली. एकदोघं पुढे सरकून बसली. बाही पांढरी झाली. मी शेजारी कुणी नाही असं बघून डोळे पुसले.

तिसऱ्या ओळीत सरांनी डावीकडचे पाच उजवीकडे नेले आणि त्यांचं चिन्ह बदललं नाही. अधिक पाच होते, तिकडेही अधिक पाचच राहिले. सातवीतल्या मुलालाही कळेल अशी चूक. मी पटकन मुलांकडे पाहिलं. तिसऱ्या रांगेत एका मुलीचा हात अर्धा वर आला होता. कडेला उभ्या असलेल्या त्या प्राध्यापकानं तिला डोळ्यांनी दटावलं आणि तळहात खाली दाबून दाखवला. हात खाली गेला. बाकी सगळे माना खाली घालून फळ्यावरचं उतरवून घेत होते.

सर पुढे लिहीत गेले. चौथी ओळ, पाचवी. मला वाटलं, आजकालच्या मुलांसाठी सरांनी चूक सोपी ठेवली असणार, आणि तीसुद्धा या निवडक हुशारांना दिसत नाही. ज्या एकीला दिसली, तिला गप्प बसवलं. माझं डोकंच फिरलं. पुढच्या रांगेत अधिष्ठाते बसले होते, कुलगुरू बसले होते, त्यातले दोघे अभियांत्रिकीचे. एकाचीही मान हलली नाही. मी उठून उभी राहिले आणि हात वर केला, कानाला लागेल असा, जसा क्लासमध्ये करायचे.

"सर, चूक!"

सगळं सभागृह वळून माझ्याकडे बघायला लागलं. कुलगुरूंची नजर मी विसरणार नाही. सरही वळले.

"कुठे?"

"तिसऱ्या ओळीत. पाच पलीकडे गेले, चिन्ह तेच राहिलं."

पूर्वी 'कुठे?' विचारताना सर फळ्याकडे बघायचे नाहीत. पकडणाऱ्याकडे बघायचे, ओठ दाबून हसत. त्या दिवशी ते फळ्याकडे वळले. बराच वेळ बघत राहिले. मला ते दिसलं, पण मी इतकी आनंदात होते की त्याचा अर्थ माझ्यापर्यंत पोचलाच नाही. मग त्यांनी खिशात हात घातला, पायऱ्या उतरले, दोन्हीकडच्या खुर्च्यांचा आधार घेत पार मागे आले आणि माझ्या हातावर लिमलेटची गोळी ठेवली.

आधी मुलं हसली, मग टाळ्या सुरू झाल्या. छोटे सर माईकजवळ गेले. घरी ऐकलेलं असणार त्यांनी. "ही बाबांची जुनी पद्धत! तासाला एक चूक ते मुद्दाम करतात, तुम्ही जागे आहात का ते बघायला!" टाळ्या आणखी वाढल्या. आता कुलगुरू सगळ्यांत जोरात वाजवत होते. कुणीतरी शाल आणली, कुणीतरी पुष्पगुच्छ. तास संपला की नाही, हे कुणी सरांना विचारलं नाही. त्यांच्या हातात खडू तसाच होता. शाल पांघरताना छायाचित्रकारानं तो अलगद काढून घेतला.

त्या तुकड्याची चित्रफीत आता आमच्या प्रवेशाच्या जाहिरातीत असते. मी शेवटच्या रांगेत हात वर करून उभी आहे आणि खाली लिहून येतं, की आमच्याकडे प्रश्न विचारायला शिकवतात. लाखो लोकांनी पाहिलीय म्हणे. नातेवाइकांचे फोन येतात. मी कौतुक ऐकून घेते.

त्या दिवशी सगळं पांगल्यावर मी रंगमंचामागे गेले, फळा टेंपोत नीट चढवतात का बघायला. तर सर तिथे होते. एकटेच. शाल खुर्चीवर टाकलेली, आणि ते फळ्यासमोर उभे. कुठूनतरी खडूचा तुकडा मिळवून त्यांनी तिसऱ्या ओळीतलं चिन्ह दुरुस्त केलं होतं. आता खालच्या ओळी एकेक करून बोटानं पुसत होते.

"काय सर, जमलं की," मी म्हटलं. "पण फार सोपी ठेवलीत आज. आमच्या वेळी असं लाडावलं नव्हतंत."

"माझी चूक पुढे होती," सर म्हणाले.

"म्हणजे?"

"अजून चारेक ओळींनी. शून्यानं भागणार होतो. चांगली जमवली होती, दोन दिवस बसून." त्यांनी बोट शर्टाला पुसलं. "ही नव्हती माझी."

 मला स्वतःचा इतका राग आला. आयुष्यभर त्यांची चूक भिकार नसते, असं सगळ्यांना सांगत आलेली मी, आणि भिकार चूक समोर दिसल्यावर आनंदानं हात वर करून उठले. हातातली गोळी मी पुढे केली.

"मग ही परत घ्या, सर."

"असू दे. चूक खरी होती. पकडलीस तर तूच." मग म्हणाले, "तिसऱ्या रांगेतल्या एका मुलीनं हात वर केला होता ना?"

"हो. तिला खाली करायला लावला."

"बघितलं होतं मी. मला वाटलं, तिला बाहेर जायचं असेल." त्यांनी खिशातून दुसरी गोळी काढली. खिसा अजून तसाच फुगलेला होता. "ही तिला नेऊन दे. आणि सांग तिला, मुद्दाम नव्हती. मी चुकलो होतो."

मुलगी कँटीनच्या रांगेत सापडली. कोट काढून हातावर घेतलेला. मी तिला बाजूला घेतलं, गोळी दिली, निरोप सांगितला. ती गोंधळली. म्हणाली, "पण मॅम, सर तर म्हणाले ना, इट वॉज ऑन पर्पज?"

"ते त्यांचे चिरंजीव म्हणाले. हे ते स्वतः सांगताहेत."

तिनं गोळी उलटसुलट करून पाहिली. "ॲक्च्युअली मॅम, मी आधी बरोबरच लिहिलं होतं. मायनस. मग बोर्डवर बघितलं आणि खोडलं. मला वाटलं, माझंच चुकतंय. चॅन्सलर कसे चुकतील?"

मी तिला रागावले नाही. कशाबद्दल रागावणार?

खाली आले तेव्हा सर गाडीत बसले होते. माझ्यासाठी थांबवून ठेवली होती गाडी. काच खाली केली त्यांनी.

"दिलीस?"

"दिली."

"काय म्हणाली?"

मी आजवर त्यांच्याशी कधी खोटं बोलले नव्हते. पोटात असेल ते ओठावर, म्हणून तर त्यांनी मला धरून ठेवलं होतं.

"थँक्यू म्हणाली, सर."

ते थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिले, पूर्वी आमची वही तपासताना बघायचे तसे. मग "बरं" म्हणाले, आणि काच वर गेली.